धोंडूच्या पोटातले पाहुणे

शेवंतीच्या मळ्याच्या कडेला एक इवलीशी झोपडी होती. इतकी इवलीशी, की तिघं माणसं झोपली की मांजराला पाय दुमडून बसावं लागे. तिथं वेणू राहायची, तिची आई राहायची आणि तिचा धाकटा भाऊ धोंडू. आई दिवसभर मालकाच्या मळ्यात फुलं तोडायची. पिवळीधम्मक, पांढरीशुभ्र शेवंती टोपल्या भरभरून बाजारात जायची, आणि घरी यायची ती भाकरी, तीही बेताचीच. वेणू आपल्यातली अर्धी भाकरी धोंडूला द्यायची नि म्हणायची, "मला आज भूकच नाही." खोटं बोलायची हो, पण असलं खोटं आपण माफ करून टाकू.

आता या धोंडूची गंमत ऐका. पोरगं दगडासारखं टणक व्हावं, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून आईनं त्याचं नाव धोंडू ठेवलं. आणि हा धोंडू उचलावा तर रिकाम्या टोपलीसारखा हलका. हातपाय नुसत्या काड्या, आणि मधोमध पोट मात्र मडक्यासारखं गरगरीत. तीन वर्षांचा झाला तरी भिंत धरूनच उभा राहायचा. शेजारची गोदामावशी आली की त्या पोटावर टिचकी मारायची आणि म्हणायची, "खात्यापित्या घरचं पोर दिसतंय बाई." आईला बरं वाटायचं. वेणूला मात्र आतून रडू यायचं. बाकीच्या मुलींचे भाऊ त्यांच्या वेण्या ओढून पळायचे. तिची वेणी ओढायला कुणीच नव्हतं. धोंडूनं एकदा तरी आपल्यामागं धावावं, एवढंच तिला हवं होतं.

एके सकाळी वेणूनं धोंडूला बांधावर बसवलं आणि ती खाली पडलेली फुलं वेचू लागली. मागं वळून बघते तर काय, साहेबांच्या तोंडात मूठभर माती.

"थुंक आधी," वेणू म्हणाली.

"रोज खातो तो," कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं. "माझा अर्धा वाफा संपवलाय त्यानं."

वेणूनं वाकून पाहिलं. शेवंतीच्या झुडपात अंगठ्याएवढी परी बसली होती. अंगात पोपटी झगुला, केसांत दवाचे चमचमते मणी, आणि जाईच्या पाकळीहून नाजूक असे तिचे पंखुले एका देठावर वाळत घातलेले. पण वर पान आडवं आलं होतं आणि ऊन काही त्यांच्यावर पडत नव्हतं. वेणूनं ते पान हातानं बाजूला धरलं, आणि पंख वाळेपर्यंत तशीच वाकून उभी राहिली.

"गुणाची गं पोर," परी पंख लावत म्हणाली. "माग, तुला तीन इच्छा दिल्या. पण अटी आहेत हं. स्वतःसाठी मागायचं नाही. आणि माझी जादू ओठांपर्यंतच चालते. गिळल्यानंतर पुढं काय होतं ते माझ्या हातात नाही. पोटात फार काळोख असतो. मी एकदा चुकून बैलाच्या पोटात गेले होते, तेव्हापासून कानाला खडा."

वेणूनं विचारसुद्धा केला नाही. "आमच्या धोंडूला रोज पोटभर दूधभात मिळू दे."

झालं. रोज सकाळी चुलीपाशी चकचकीत वाटी यायची. दूधभात, वर तुपाचा सोनेरी थेंब. धोंडू वाटी चाटूनपुसून घ्यायचा. पण खाल्लेलं अंगाला लागेल तर शपथ. हातपाय काड्यांचे काड्याच राहिले आणि पोट तेवढं फुगलं. गोदामावशी म्हणाली, "बघा, बाळसं धरलंय." वेणू मळ्यात जाऊन रडली.

"परीताई, दूधभात जातो तरी कुठं? मला तेवढं कळू दे."

"कान लाव त्याच्या पोटाला," परी म्हणाली. "ही झाली दुसरी."

वेणूनं झोपलेल्या धोंडूच्या पोटाला कान लावला. आत पंगत बसली होती.

"आज तूप जरा कमीच होतं," एक जाडा आवाज म्हणाला.

"पण भात मऊ होता हो. मी तर हातभर लांब झालोय."

"आणि पोराला काही ठेवलंय का?"

"उरलं तर देऊ. अजून तरी काही उरलेलं नाही."

"काय छान घर आहे. आपण मातीच्या घासाबरोबर आलो काय आणि राहिलो काय. इथं कुणी हातही धूत नाही, आणखी मंडळी येतच असतात."

"ते खरं, पण त्या अंगणवाडीच्या ताईंनी गोळी दिली होती म्हणे."

"हळू बोल, तिचं नाव काढू नकोस. ती अजून देवापाशी करंड्यात आहे, तिथंच बरी आहे."

वेणू ताडकन उठली. सगळं तिच्या ध्यानात आलं. अंगणवाडीच्या सुमनताईंनी जंतांची गोळी दिली होती, आणि आईनं ती हळदीकुंकवाच्या करंड्यात जपून ठेवली होती. पोर आजारी पडलं तर द्यायची म्हणून. एवढी मोलाची वस्तू धडधाकट पोराला कशी द्यायची, असं त्या माउलीला वाटलं होतं.

वेणूनं करंड्यातली गोळी उचलली, धोंडूला कडेवर घेतलं आणि आईला हात धरून अंगणवाडीत नेलं. ताईंनी गोळीवरचं कुंकू पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, ही पूजेची नाही, पोटाची आहे. आणि हे पोट भरलेलं नाही, जंतांनी फुगलंय." त्यांनी नवी गोळी काढली, कुटली आणि चमच्यात कालवली.

पण धोंडूनं तोंड मिटलं. आईनं लाडीगोडी लावली, ताईंनी गाणं म्हटलं. धोंडूचे ओठ काही हलेनात. खरा दगड झाला तो तेव्हा.

वेणूनं डोळे मिटले. एकच इच्छा उरली होती. आईसाठी पक्कं घर मागायचं तिनं मनात धरलं होतं. तिनं धोंडूच्या काड्यांसारख्या पायांकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "परीताई, त्याला तोंड उघडू दे."

खिडकीतून शेवंतीची एक पाकळी तरंगत आली आणि धोंडूच्या नाकाखाली गुदगुल्या करू लागली. धोंडूनं शिंकायला हा एवढा मोठा आ केला, आणि चमचा आत गेला.

मग आत काय धावपळ उडाली म्हणता! कुणाला निरोप घ्यायलाही सवड मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पाहुणे निघून गेले. कुठल्या दारानं, ते विचारू नका.

घरात साबणाची वडी आली. माती खाणं बंद झालं. दूधभात आता धोंडूच्या अंगाला लागू लागला. पोट आत गेलं, गालांवर चिमुकलं गुलाबी गोबरेपण आलं. एक दिवस त्यानं भिंत सोडली.

परी शेवटची भेटायला आली. "स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस, म्हणून हे न मागता देते," ती म्हणाली. वेणूच्या पायांशी शेवंतीच्या रंगाच्या चपला लुकलुकत होत्या. "माझ्या बागेत आता अनवाणी फिरू नकोस." एवढं म्हणून ती पिवळ्या उजेडात विरून गेली.

वेणू डोळे चोळत उभी होती, तेवढ्यात तिच्या वेणीला जोराचा हिसका बसला. वळून पाहते तर एक चप्पल गायब, आणि ती छातीशी धरून धोंडू मळ्यातून खिदळत पळतोय.

"थांब रे चोरा," वेणू ओरडली. पण मनातल्या मनात म्हणत होती, थांबू नकोस, पळ.