पाचोळ्यातली वस्ती

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव विचाराल तर मला सांगता यायचं नाही. त्याच्या राज्यातल्या एका म्हातारीबद्दल मात्र पुष्कळ सांगता येईल.

ही म्हातारी गावाबाहेर ओढ्याकाठी राहायची. झोपडीमागे तिची दोन गुंठ्यांची बाग होती. बाग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे फुलांचे ताटवे येतील, तसलं तिथे काही नव्हतं. कोपऱ्यात बाजरीची चार ताटं, कडेला कुर्डू, मध्ये तेरडा आणि राजगिरा, ढासळलेला एक दगडी बांध आणि पाणी भरून ठेवलेलं मातीचं पसरट परळ. ही मांडणी तिने माणसांसाठी केलीच नव्हती. पाखरं, बेडूक, फुलपाखरं, भुंगे यांनी सुखाने राहावं म्हणून केली होती.

दिवाळी सरून थंडीची चाहूल लागली की तिचं काम वाढायचं. तेरडा वाळला तरी ती उपटायची नाही. बाजरीची कणसं खुडायची नाही. गळलेली पानं कुंपणापाशी गोळा करायची आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर काटक्या आडव्या टाकायची. परळातलं पाणी रोज सकाळी बदलायची. गुडघे कुरकुरायचे, कंबर धरायची, तरी एक दिवस चुकला नाही. मला या बाईचं फार कौतुक वाटतं. जे आपल्याला नीट दिसतही नाही, आणि दिसलं तरी कधी आभार मानणार नाही, त्याच्यासाठी रोज वाकायचं हे सोपं काम नव्हे.

इकडे राजाची आई थकली होती. तिची नजर गेली होती, कान तेवढे शाबूत होते. सकाळी पाखरं ऐकावीत, एवढीच तिची हौस उरली होती. पण राजवाड्याच्या बागेत पाखरू फिरकत नसे. म्हातारीच्या बागेत पाखरांची गर्दी असते असं कानावर आलं, म्हणून राजाने एकदा तिला मेण्यातून तिथे आणलं. राजमाता तासभर कान देऊन बसली आणि कित्येक महिन्यांनी हसली.

राजाला कोण आनंद झाला. थंडीभर आईला इथेच आणायचं त्याने ठरवलं. म्हातारीलाही काही बक्षीस द्यावं, म्हणून त्याने आपल्या बागेचा मुकादम वीस माळ्यांसह धाडला. हुकूम एवढाच होता, की म्हातारीची बाग राजवाड्याच्या बागेसारखी लख्ख करून द्या.

मुकादम आपल्या कामात पक्का होता. वाळकं पान दिसलं की त्याच्या डोक्यात तिडीक जायची. इथला पसारा बघून त्याने कपाळावर हात मारला.

“आजी, काळजी करू नका,” तो म्हणाला. “दुपारपर्यंत हा सगळा कचरा जाळून टाकतो. तुमची बाग तुम्हालाच ओळखू यायची नाही.”

म्हातारीने वर्षानुवर्षं जपलेलं घटकाभरात राख होणार होतं, आणि तेही बक्षीस म्हणून. राजाचा हुकूम मोडण्याची तिची ताकद नव्हती. ती कुंपणाच्या दारात उभी राहिली.

“कचरा खुशाल न्या, मुकादमदादा,” ती म्हणाली. “फक्त ज्या पानाखाली, ज्या काडीत कुणी राहत असेल, त्याला हात लावू नका. कुणाचं राहतं घर जाळा, असं काही महाराजांनी सांगितलं नसेल.”

मुकादम हसला. “पाचोळ्यात कोण राहतंय, आजी?”

“एकेक पान उचलून बघा की.”

त्याने पहिलंच पान उलटलं, तर खाली फुलपाखराचा कोश चिकटलेला. दुसऱ्या पानाखाली कोळ्याच्या मादीने आपली अंडी गुंडाळून ठेवली होती. ढिगाच्या तळाशी एक बेडूक डोळे मिटून बसला होता आणि शेजारी गोगलगायी शंखाचं तोंड बंद करून निजल्या होत्या. एक माळी बाजरी कापायला गेला, तोच मुनियांचा थवा कणसांवर उतरला. दुसऱ्याने वाळका बांबू उचलला, तर आतून भुंगा गुरगुरला.

आधी माळी चेष्टा करत होते. हळूहळू त्यांचे आवाज खाली आले. ते पान उचलत आणि जसंच्या तसं परत ठेवत. दिवस कलला, तेव्हा वीस जणांच्या मिळून एका टोपलीचा तळही झाकला नव्हता.

मुकादमाचा चेहरा पडला. “आजी, असाच परत गेलो तर माझी चाकरी जाईल.”

“तुमच्या पोटावर पाय येत असेल, तर लावा काडी,” म्हातारी म्हणाली. “मी तुम्हाला बोल लावणार नाही.”

मुकादम कितीतरी वेळ त्या ढिगाकडे बघत राहिला. मग त्याने माळ्यांना झाडू गोळा करायला सांगितलं आणि टोपली उचलून तो निघाला.

राजा टोपलीत डोकावला. “वीस माणसं दिवसभर राबली आणि एवढाच कचरा?”

“महाराज, तिथे एवढंच रिकामं होतं,” मुकादम म्हणाला. मग त्याने पाहिलेलं सगळं एकेक करून सांगितलं.

राजाने विचारलं, “आणि आपल्या बागेत? तिथे पानांखाली कोण राहतं?”

मुकादमाने मान खाली घातली. “कुणी नाही, महाराज. आम्ही पान पडूच देत नाही. आजवर मला शाबासकी मिळाली ती त्याचीच.”

शेजारी बसलेली राजमाता म्हणाली, “मग पाखरांनी यायचं तरी कुणाकडे?”

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः म्हातारीकडे गेला. “आजी, मी तुमचं भलंच करायला निघालो होतो,” तो म्हणाला.

“ते ठाऊक आहे, म्हणून तर मला राग नाही आला,” म्हातारी म्हणाली. “पण आधी एकदा विचारायचं होतंत, महाराज.”

त्या वर्षीपासून राजवाड्याच्या बागेचा एक मोठा तुकडा झाडायचा बंद झाला. मुकादम दर आठवड्याला म्हातारीकडे शिकायला जाऊ लागला आणि काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही, हेच जास्त शिकून येऊ लागला. ती थंडी राजमातेने म्हातारीच्या बागेत काढली. पुढच्या थंडीत मात्र तिला मेणा लागला नाही. एके सकाळी तिच्याच खिडकीबाहेर दयाळ पक्षी गाऊ लागला, आणि तिने दासीला हाताने खूण करून गप्प बसवलं.

तात्पर्य : कुणाचं भलं करायला हात पुढे करण्याआधी, त्याच्याकडे काय आहे ते डोळे उघडून पाहावं.