तीळ कोणत्या गालावर?

फार फार जुनी गोष्ट, बरं का. इतकी जुनी की त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. तिथे एक नक्षीकार राहायचा. तांब्याच्या पत्र्यावर तो चौकटी कोरायचा आणि शाई लावून कागदावर छापायचा. काय त्याचा हात! शिंपले, वेली, लपेटदार वळणं आणि मधोमध मोकळी जागा. लोक चौकट घेऊन जात आणि त्या जागेत आपल्या माणसाचं चित्र काढून घेत.

त्याची बायको शाई घोटायची. एकदा ती म्हणाली, "अहो, एका चौकटीत माझा चेहरा कोरा ना. आपल्या भिंतीवर लावू."

"कोरतो की! पण तुझी चौकट साधी कशी चालेल? आधी ती होऊ दे."

झालं! स्वारी चौकटीला लागली. वेलींना फाटे फुटले, शिंपल्यांवर शिंपले चढले. बायको रोज समोर बसून शाई घोटायची, पण ह्या बाबाची मान काही पत्र्यावरून वर होईना.

"झालं का हो?"

"एवढं एक वळण राहिलंय."

त्या एका वळणात बारा वर्षं गेली. पुढे पुढे तिनं विचारणंच सोडलं. मग एका थंडीत ती तापानं फणफणली आणि आठ दिवसांत गेली.

तेरावा उरकून नक्षीकार पत्र्यापुढे बसला. आता चेहरा कोरायचाच! तांब्यावर डावीकडे कोरलेलं कागदावर उजवीकडे उमटतं, म्हणून कोरणाऱ्याला मूळ रूप पक्कं ठाऊक लागतं. तिच्या गालावर तीळ होता. पण कोणत्या गालावर? डाव्या की उजव्या? काही केल्या त्याला आठवेना.

तेवढ्यात शेजारीण भाकरी घेऊन आली. त्यानं खालमानेनं विचारलं, "वहिनी, हिचा तीळ कोणत्या गालावर होता हो?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "डाव्या. पण भावजी, हे तुम्ही मला विचारता?"

तीळ कळला खरा, पण नाक, कपाळ, हसू कुणाकुणाला विचारणार? त्यानं कोरणी खाली ठेवली आणि तो ओक्साबोक्शी रडला.

राज्यात घरोघरी त्याच्या चौकटींतून लोकांची माणसं हसत होती. त्याच्या भिंतीवर सगळ्यांत देखणी चौकट लागली, आणि तो मरेपर्यंत ती रिकामीच राहिली.

तेव्हा लहानथोरहो, चौकट मागाहूनही सजवता येते. आपलं माणूस मात्र आहे तोवरच डोळे भरून पाहून घ्यावं.