झुपकीची घसरगुंडी आणि मामाची खरखरीत गाडी

एका गल्लीत एक शेवगा होता. शेवग्यावर एक खार राहायची. एवढीशी खार, आणि एवढं मोठं झुपकेदार शेपूट! तिचं नाव झुपकी.

शेवग्याखाली दिगूमामाची गाडी उभी असायची. गाडी जुनी होती, पण गुळगुळीत होती. रोज सकाळी झुपकी काय करायची? फांदीवरून टपावर टुपकन उडी. टपावरून बॉनेटवर. आणि मग सुर्रर्र… धप! वाळक्या पानांच्या ढिगात. पुन्हा तुरुतुरु वर. पुन्हा सुर्रर्र… धप!

ती गाडी म्हणजे झुपकीची घसरगुंडी होती.

एक दिवस मामाला वाटलं, गाडीला नवा रंग द्यावा. घरीच द्यावा. आपल्या हातानं द्यावा. त्यानं कैरीसारखा हिरवा रंग आणला. ब्रश आणला. डोक्याला रुमाल बांधला.

शेजारी हौसाकाकूची पिठाची गिरणी होती. घरघर घरघर चालली होती. काकू दारातून ओरडली, "दिगू, गाडी पलीकडे ने रे! इकडं पीठ उडतंय!"

"काही होत नाही, काकू!" मामा म्हणाला.

ब्रश चालला, सप् सप्. गिरणी चालली, घरघर. पीठ उडालं, भुस् भुस्. ओल्या रंगावर जाऊन बसलं. आणि तिथंच वाळलं.

दुसऱ्या दिवशी झुपकीनं मारली उडी. सुर्… खर्रर्र! मधेच अडकली. पोट खरचटलं.

"आई गं! माझी घसरगुंडी कुठं गेली? गाडी गाडी, माझी घसरगुंडी दे ना!"

गाडी म्हणाली, "कुठून देऊ गं? माझ्या अंगाचं थालीपीठ झालंय. कागद घासेल, तर मी गुळगुळेन."

मामाच्या खिडकीत घासकागद होता. काळा काळा, खरखरीत. झुपकी गेली तुरुतुरु तुरुतुरु.

"गाडी गुळगुळेना,
झुपकी घसरेना.
कागदा कागदा, घास ना!"

कागद म्हणाला, "कोरडाच घासू? छे छे! रंगावर ओरखडे उठतील. मामा मलाच ओरडेल. पाणी भिजवेल, तर मी घासेन."

पाणी होतं हौदात. झुपकी गेली तुरुतुरु तुरुतुरु.

"कागद घासेना,
गाडी गुळगुळेना,
झुपकी घसरेना.
पाण्या पाण्या, भिजव ना!"

पाणी म्हणालं, "डुबुक डुबुक! मला काय पाय आहेत? मामा उठेल, बादली भरेल, तर मी भिजवेन."

मामा होता खाटेवर. डोक्यावरून चादर घेऊन पडला होता. झुपकी गेली तुरुतुरु तुरुतुरु.

"पाणी भिजवेना,
कागद घासेना,
गाडी गुळगुळेना,
झुपकी घसरेना.
मामा मामा, ऊठ ना!"

चादरीतून आवाज आला, "नाही उठत, जा! सगळे हसतात मला. दूधवाला म्हणतो, मामा, गाडी पिठात घोळवली, आता तळणार कधी? आणि भूक लागलीय ती वेगळीच. मामी थापेल भाकरी, तर मी उठेन."

मामी होती चुलीपाशी. हात कमरेवर. झुपकी गेली तुरुतुरु तुरुतुरु.

"मामा उठेना,
पाणी भिजवेना,
कागद घासेना,
गाडी गुळगुळेना,
झुपकी घसरेना.
मामी मामी, थाप ना!"

मामी म्हणाली, "काय थापू? माझं डोकं? घरात चिमूटभर पीठ नाही. ज्वारीचा डबा कालपासून गिरणीत पडलाय. काकू दळेल, तर मी थापेन."

गिरणीत डब्यांची रांग होती. सगळ्यांचे डबे भरलेले, पांढऱ्याशुभ्र पिठाचे. मामाचा डबा सगळ्यांत शेवटी. त्यात ज्वारी तशीच! झुपकी गेली तुरुतुरु तुरुतुरु.

"मामी थापेना,
मामा उठेना,
पाणी भिजवेना,
कागद घासेना,
गाडी गुळगुळेना,
झुपकी घसरेना.
काकू काकू, दळ ना!"

काकूच्या भुवयांवर पीठ होतं. त्या भुवया वर गेल्या. काकू म्हणाली, "सगळ्या गल्लीचं दळेन. दिगूचं नाही दळणार! मी सांगत होते, गाडी पलीकडे ने. ऐकलं का त्यानं? वर मलाच म्हणतो, तुमच्या गिरणीनं माझी गाडी बिघडवली! दिगू 'चुकलं' म्हणेल, तर मी दळेन."

झुपकी परत फिरली. तुरुतुरु तुरुतुरु. आता दमली होती बिचारी.

"काकू दळेना,
मामी थापेना,
मामा उठेना,
पाणी भिजवेना,
कागद घासेना,
गाडी गुळगुळेना,
झुपकी घसरेना.
मामा मामा, 'चुकलं' म्हण ना!"

चादर हलली. एक डोळा बाहेर आला.

"मी? मी म्हणू? मुळीच नाही!"

डोळा आत गेला.

आता झुपकी कुणाकडे जाणार? पुढं कुणी उरलंच नव्हतं. ती हळूच मामाच्या पोटावर चढली. दातांनी चादर ओढली. मागच्या दोन पायांवर उभी राहिली.

"मामा, हे बघ."

मामानं पाहिलं. झुपकीच्या इवल्याशा पोटावर ओरखडे होते. एक, दोन, तीन!

"अरे अरे अरे!" मामा म्हणाला. "पाठीवर तीन पट्टे होतेच, आता पोटावर पण तीन? माझ्या गाडीनं केलं हे?"

झुपकीनं मान डोलावली.

मामानं चादर पुन्हा नाकापर्यंत ओढली. मग चादरीतूनच बारीक आवाजात म्हणाला, "काकू, चुकलं."

गिरणीतून काकू ओरडली, "ऐकू नाही आलं!"

"काकू, चुकलं माझं!"

"कुणाचं चुकलं?"

"दिगूचं चुकलं होऽऽ! पीठ उडत होतं आणि दिगूनं ऐकलं नाही होऽऽ!"

सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. शेवग्यावरचे कावळेसुद्धा उडाले.

काकू हसली. भुवयांवरचं पीठ खाली पडलं.

मग काय झालं?

काकूनं दळलं. घरघर घरघर!
मामीनं थापलं. थप् थप् थप्!
मामानं एक भाकरी खाल्ली. दोन खाल्ल्या. तिसरी अर्धी खाल्ली. आणि मामा उठला!
बादली भरली. पाण्यानं भिजवलं. डुबुक डुबुक!
कागदानं घासलं. खस् खस् खस्!

गाडी खिदळली, "हळू रे, गुदगुल्या होतात!"

गाडी ओली ओलीच होती. तेवढ्यात कुणीतरी गव्हाचा डबा घेऊन आलं. काकूनं गिरणीच्या बटणाला हात घातला.

"नकोऽऽऽ!" मामा ओरडला. मामी ओरडली. झुपकी तर शेपटासकट ओरडली.

"अगं बाई!" काकू म्हणाली. "आता पीठ उडालं तर गाडीची कणीकच मळली जाईल!" तिनं गिरणीच्या दारावर ओलं पोतं टांगलं. दारात बसली, हाताची घडी घालून. "गाडी वाळेपर्यंत गिरणी बंद. गव्हानं थांबावं."

गाडी वाळली. मामीनं जुन्या साडीचं मऊ फडकं आणलं. मामानं पुसलं, आणखी पुसलं. गाडी गुळगुळली! कैरीसारखी चमकली. मामानं त्यात आपलं तोंड पाहिलं आणि मिशा सारख्या केल्या.

"ये गं झुपके," मामा म्हणाला. "पहिला मान तुझा."

झुपकी शेवग्यावर चढली. टपावर टुपकन उडी. टपावरून बॉनेटवर. डोळे मिटले. आणि…

सुर्रर्रर्रर्र!

गाडी इतकी गुळगुळीत, इतकी गुळगुळीत, की झुपकी पानांचा ढीगही ओलांडून गेली! पलीकडे मामीनं पिठाचा डबा उघडाच ठेवला होता.

भुस्स्स!

डब्यातून दोन काळे डोळे वर आले. बाकी सगळं पांढरं. मिशा पांढऱ्या, कान पांढरे, झुपकेदार शेपूटही पांढरं.

काकू हसून हसून खाली बसली. "दिगू, कागद आहे का शिल्लक? आता हिला घास!"

"नको!" झुपकी म्हणाली. तिनं अंग झाडलं. भुस् भुस् भुस्! मामा पांढरा, मामी पांढरी, काकू तर आधीच पांढरी.

आणि झुपकी पुन्हा चढली शेवग्यावर. तुरुतुरु तुरुतुरु.

भाकरी झाली फस्त, गाडी झाली मस्त,
आणि आपली गोष्ट घसरली… सुर्रर्र… धप!