ज्याची चूक नाही तो

"...मग अंतिम सामन्याचा चेंडू लोखंडेच्या हातात का, सर?"

संघाचे प्रशिक्षक मुजावर सर कडुनिंबाखाली बसून उसवलेला चेंडू शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

रणजित घोडकेने खिशातलं कात्रण त्यांच्या नाकासमोर धरलं. जिल्ह्यातली पहिलीवहिली बेसबॉल लीग, आणि पिचरांच्या यादीत सगळ्यात वर त्याचं नाव.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकतो तो पिचर. त्याच्या चेंडूंवर निघालेल्या धावांची सरासरी काढतात. जितकी कमी, तितका पिचर मोठा. पण क्षेत्ररक्षकाच्या चुकीने गेलेली धाव त्याच्या नावावर लावत नाहीत. नियम न्यायाचाच आहे. रणजितने तो पुरेपूर वसूल केला होता. कुणाच्या हातून चेंडू सुटला रे सुटला, की हा मैदानातूनच गुणलेखकाला बोट दाखवायचा, 'चूक लिहा त्याची.' सामना संपला, की पुन्हा त्याच्या टेबलाशी हजर. सुदाम क्षीरसागरच्या माथी त्याने इतक्या चुका मारल्या, की सुदाम खेळायला यायचाच थांबला.

संघातला दुसरा पिचर लोखंडे, त्याचं सगळंच उलटं. गड्याने हातातला चेंडू सोडला, तरी हा छातीवर हात ठेवून म्हणायचा, "माझी, माझी." वर गुणलेखकाला जाऊन सांगायचा, की चेंडूच मी वाईट टाकला, धाव माझ्यावर घ्या. तोही वैतागून लिहून टाकायचा.

"लोखंडे यादीत तळाला आहे, सर."

"हं."

"राज्य संघाचे निवडकर्ते येणार आहेत. त्यांच्यासमोर मी टाकलं नाही, तर माझं वर्ष गेलं. काय करू? बाकावर बसून त्यांना पाणी देऊ?"

"दे की. उन्हाचे येतायत बिचारे."

रणजितची कानशिलं तापली. वशिला असेल, तर तसं तोंडावर सांगा, असंही तो बोलून गेला.



सरांनी दाताने दोरा तोडला, चेंडू त्याच्या हातात दिला, जुना ग्लव्ह चढवला आणि समोर लांब जाऊन उभे राहिले.

"टाक."

रणजितने सगळा राग खांद्यात आणून टाकला. चेंडू सरळ ग्लव्हकडे निघाला. शेवटच्या क्षणी सरांनी हात खाली सोडला. चेंडू त्यांच्या खांद्याजवळून सणसणत गेला आणि मैदानाच्या टोकाला वेड्या बाभळीत शिरला.

सर शांतपणे परत येऊन बसले.

"का सोडलात?" रणजितला काही उमजेना.

"चूक कुणाची?"

"तुमची. हातात येत होता."

"नक्की?"

"शंभर टक्के. गुणलेखक असता, तर लिहायला लावलं असतं."

"माझीच," सर म्हणाले. "तुझ्यावर काही नाही."

भांडण जिंकलं होतं, पण जिंकल्यासारखं वाटेना. रणजितने हात पुढे केला.

"दुसरा चेंडू द्या. पुन्हा टाकतो."

"एकच होता."

रणजितने बाभळीकडे पाहिलं. काटे चांगले बोटभर. आणायला जावं, तर चूक आपली होती म्हटल्यासारखं. न जावं, तर हात रिकामा. एक पाऊल पुढे टाकलं, ते त्याने मागे घेतलं. सर आपल्याला हरवतायत की आपली बाजू घेतायत, तेच कळेना.

"सर... मग आता?"

सरांनी आपल्या शेजारची जागा हाताने झाडली.

"बस तू इथे. तुझी चूक नाही ना... लोखंडे येईल इतक्यात. तो आणेल चेंडू."