महिपती आणि हवेतल्या इंटरनेटचे नियम

डोंगरापल्याड माचणी नावाच्या गावात महिपती नावाचा एक भोळा शिपाई होता. 'भोळा' हा गावाने सभ्यपणे वापरलेला शब्द.

शिपाई होता तो एका समितीचा. ही समिती का जन्मली तेही ऐका. त्या खोऱ्यात गावं तीन. तिन्ही गावांनी बिनतारी इंटरनेटसाठी तीन वेगवेगळी यंत्रं आणली. एकाचं यंत्र बोललं की बाकी दोन बहिरी. सरकार म्हणालं, "आधी तिघं मिळून एकच नियमावली ठरवा. निरोप हवेतून कसा सोडायचा, कसा घ्यायचा, सगळं कागदावर आणा. मग आमचे साहेब येतील, सही करतील आणि मोठा टॉवर देतील. तिसऱ्या दसऱ्यापर्यंत नाही जमलं तर टॉवर शेजारच्या तालुक्याला."

मग समिती बसली. पहिल्या वर्षात तिने स्वतःचं नाव ठरवलं. दुसऱ्या वर्षात पहिल्या कलमाला 'एक' म्हणायचं की 'शून्य' म्हणायचं, यावर दोन सभासदांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. अध्यक्ष होते माचणीचे दौलततात्या. त्यांना इंटरनेटमधलं काही कळत नसे, म्हणून ते तासन्‌तास बोलत. कळायचं ते पुण्याहून आलेल्या इंजिनिअर बर्वे मॅडमना, म्हणून त्यांना कोणी बोलू देत नसे.

या सगळ्यात टॉवरची खरी आस एकट्या महिपतीला होती. त्याची लेक वैजू मिरजेला नर्सिंग शिकत होती. दिवाळी ते दिवाळी घरी यायची. खोऱ्यात फोनला रेंज नाही, मग ख्यालीखुशाली कळणार कशी? बर्वे मॅडम त्याला म्हणाल्या होत्या, "टॉवर झाला की रोज फोनमध्ये पोरीचं तोंड बघा, मामा." त्या दिवसापासून समितीचं प्रत्येक कलम महिपती पाठ करू लागला. समितीत तेवढा अभ्यास दुसऱ्या कोणाचा नव्हता.

तिसरं कलम झालं त्या दिवशी मॅडमनी समजावून सांगितलं, "मोठा निरोप अख्खा पाठवायचा नाही. तुकडे करायचे, प्रत्येकावर नंबर आणि पत्ता घालायचा, मिळेल त्या वाटेने सोडायचे. पलीकडचे जुळवून घेतात."

महिपतीने मान डोलावली. त्याला पटलं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी त्याच्या हाती नवीकोरी घोंगडी दिली. "जावयाकडं पोचती कर. जपून हां, महाग हाय."

महिपतीने घरी येऊन बायकोची विळी घेतली आणि घोंगडीचे सोळा तुकडे केले. चुन्याने नंबर घातले. चार एसटीच्या कंडक्टरकडे दिले, पाच दूधवाल्याकडे, बाकीचे एका वरातीत वाटले. संध्याकाळपर्यंत जावयाच्या दारात अकरा पोचले. नऊ नंबरचा तुकडा कुठे गेला ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही.

तात्या कपाळाला हात लावून म्हणाले, "अरं गाढवा, काय केलंस हे?"

"त्यांनी जुळवली न्हाई व्हय अजून?"

"पोचलं का न्हाई, एवढं तरी बघितलंस का? चौथं कलम काय सांगतं? समोरून पोच आली पायजे! न्हाई आली तर परत पाठवायचं. येईस्तवर पाठवत ऱ्हायचं!"

महिपतीने मान डोलावली. हेही त्याला पटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बर्वे मॅडमना चहा नेला. मॅडम कानाला हेडफोन लावून लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. "च्या आणलाय," महिपती म्हणाला. उत्तर नाही. म्हणजे पोच नाही. तो हॉटेलात गेला आणि दुसरा कप घेऊन आला. "च्या आणलाय." उत्तर नाही. तिसरा आणला. सातव्या कपाला हॉटेलवाल्या रामूशेठने विचारलं, "पाव्हणं लई आल्यात काय?" महिपती म्हणाला, "न्हाई, एकच बाई हाय, पण पोच देत न्हाई." बाराव्या कपाला टेबलावरची जागा संपली. तेरावा त्याने मॅडमच्या मांडीवर ठेवला.

मॅडम केवढ्याने तरी किंचाळल्या. महिपतीला हायसं वाटलं. पोच आली होती.

"मामा! माझं काम चालू होतं ना?" मॅडम पदर झटकत म्हणाल्या. "मध्येच येऊन बडबडायचं नसतं! हवेत दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया जातं. पाचवं कलम आठवा. आधी ऐकायचं. कोणाचं चालू असेल तर गप्प थांबायचं. सगळं शांत झालं की मगच तोंड उघडायचं."

महिपतीने मान डोलावली.

पुढच्या सोमवारी समितीची सभा होती. दोनशे ऐंशी पानांचा मसुदा छापून पडवीत ठेवला होता, सभासदांच्या सह्यांसाठी. आत तात्यांचं भाषण सुरू होतं. तेवढ्यात उघड्या फाटकातून एक म्हैस पडवीत आली आणि मसुद्याची प्रस्तावना खाऊ लागली.

महिपती धावत सभेच्या दारात गेला. तोंड उघडलं, पण तात्या बोलत होते. त्याने तोंड मिटलं. तात्यांनी श्वास घेतला तसा तो पुढे सरला, तर दुसऱ्या गावचे सभासद बोलू लागले. ते थांबले तर तिसऱ्या गावच्यांनी आभार मानायला घेतले. महिपती घामाघूम झाला, पण नियम मोडला नाही. पावणेदोन तासांनी खोलीत शांतता झाली.

"म्हस मसुदा खातीय," महिपती म्हणाला.

तोवर म्हैस परिशिष्टापर्यंत पोचली होती. अख्खा मसुदा संपवणारी ती खोऱ्यातली पहिलीच. सभासदांपैकी कोणी प्रस्तावनेच्या पुढे गेलं नव्हतं. मॅडमच्या लॅपटॉपमध्ये नक्कल होती म्हणून बरं, नाहीतर समितीला पुन्हा नावापासून सुरुवात करावी लागली असती.

तात्या मात्र पेटले. "कोण बी येतंय, सरळ आत जातंय! तू दारावर कशाला हाईस? सातवं कलम घोकलंयस न्हवं? ओळख पटल्याबिगर कुणाला आत घ्यायचं न्हाई! समोरचा 'मीच तो' म्हणतोय म्हणून खरं धरायचं न्हाई. आपल्या आधीपासनं ओळखीच्या माणसानं हमी दिली, तरच आत!"

महिपतीने अशी मान डोलावली की टोपी पडली.

दसऱ्याचा दिवस उजाडला. मुदतीचा तो शेवटचा दिवस. मुंबईचे साहेब सहीला येणार होते. समिती सकाळपासून हार, पेढे आणि नवा मसुदा घेऊन आत बसली. खिडक्या लावून घेतल्या होत्या, कारण सोमवारचा धसका अजून होता. दाराबाहेर महिपती. त्याने नवा सदरा घातला होता. रात्री वैजूशी बोलायचं, या विचाराने त्याचा जीव सुपाएवढा झाला होता.

अकरा वाजता जीप आली. कोट घातलेले एक गृहस्थ उतरले. महिपती दारात आडवा झाला.

"कोण म्हणायचं आपण?"

"मी मुंबईहून आलोय. टॉवरच्या मंजुरीसाठी."

"हे तुम्हीच सांगताय."

साहेबांनी ओळखपत्र दाखवलं. महिपतीने ते उलटसुलट करून बघितलं. "ह्याच्यावर बी तुम्हीच हाय. दुसरं कोण सांगणारं हाय का?"

"अहो, तुमच्या अध्यक्षांना विचारा!"

"त्यांनी तुमास्नी कदी बघितलंय?"

"बघितलं नाही. पत्रव्यवहार झालाय."

"मग त्यांची हमी चालत न्हाई. सातवं कलम."

ड्रायव्हरने हमी देऊ केली. पण ड्रायव्हरला तरी कोण ओळखतंय? साहेब तासभर उन्हात उभे राहिले. मग एकदा घड्याळाकडे आणि एकदा महिपतीकडे बघून ते जीपमध्ये बसले आणि शेजारच्या तालुक्याच्या रस्त्याला लागले.

साडेचारला तात्यांनी दार उघडलं. हातातला हार सुकला होता. "महिपती, कोण आलं न्हाई व्हय रं?"

"आलं हुतं की एक जण. टॉवर द्यायला आलोय म्हणत हुता."

तात्यांच्या हातातला हार खाली पडला. "मग?"

"मग काय, मी फसतोय व्हय! म्हणाला, मुंबईला फोन लाव, तिथलं लोक हमी देतील. मी म्हणलं, इथं फोन लागत न्हाई. आदी टॉवर हुबा ऱ्हाऊ द्या, मग त्याच्यावरनं फोन लावून तुमची खात्री करतो, आन् मग या तुम्ही टॉवर द्यायला."