फाट्यावरचा गंज

“पण गुरुजी, दगड बसवायचा कुठं, ते तरी सांगा.”

त्र्यंबकराव गोगटे तिसऱ्यांदा विचारत होते. पुण्याला इंजिनियरी शिकलेला माणूस. हुशार, जरा ताठ.

“कसला दगड रे?”

“तुमच्या नावाचा. तुमच्या डोळ्यांदेखत बसवायचाय.”

मोरोबा वेलकर खाटेवर उशीला टेकून बसले होते. आमच्या घाटातली रेल्वे आखली ती यांनीच. आता छातीचं दुखणं. डॉक्टर म्हणाला होता, आठवडा काढला तर पुष्कळ.

“माझं सगळ्यात चांगलं काम कुठलं, ओळख. तिथं बसव.”

“मोठा पूल.”

“नाही.”

“मग बोगदा?”

मोरोबा हसले. हसताना खोकला आला.

“परवा मला फाट्यावर ने.”

हा फाटा म्हणजे काय, ते सांगतो. घाटाच्या मध्यावर मुख्य रुळांना एक फाटा फुटतो. तो वर डोंगरात चढतो आणि मुरमाच्या ढिगाशी संपतो. पुढं काही नाही. उतारावर गाडी हाताबाहेर गेली, तर सांधेवाला तिला तिकडं वळवतो. चढावर ती दमते, मुरमात रुतते. माणसं वाचतात.

पहिल्या वर्षी फाटा नव्हता. एक मालगाडी सुटली ती दरीत गेली. सात माणसं. मोरोबा स्वतः दोर धरून खाली उतरले होते, एकेकाला वर आणायला.

मग त्यांनी फाटा बांधला. लोक हसले. म्हणाले, मोरोबांची गाडी आता डोंगराच्या पोटात जाणार. तेरा वर्षं झाली, त्यावर एकही गाडी गेली नव्हती. ज्या रुळावरून गाडी जाते तो चकाकतो. हा आपला लाल, गंजलेला.

त्र्यंबकरावांनी आम्हा रूळ सांभाळणाऱ्या गँगवाल्यांना बोलावलं.

“गुरुजी येणार, आणि हे रूळ बघा. लाज वाटते!”

मी म्हटलं, “साहेब, राहू द्यावं का?”

“तू शिकवणार मला?”

दिवसभर आम्ही विटांनी रूळ घासले. वर फडक्यानं पुसले. मुरमाचा ढीगही नव्यानं रचला. चांदीसारखं झालं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरोबांना खुर्चीसकट ट्रॉलीवर बसवलं. आम्ही चौघं ढकलत होतो. त्र्यंबकराव बाजूनं चालत होते, खुशीत.

वळण आलं. फाटा दिसला.

मोरोबांनी त्र्यंबकरावांचं मनगट धरलं.

“कधी?”

“काय कधी, गुरुजी?”

“गाडी कधी सुटली? मला कुणी सांगितलं कसं नाही?... किती गेले?”

आम्ही चौघांनी माना खाली घातल्या. त्र्यंबकरावांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं, तसा त्यांचा चेहरा उतरला.

“गाडी नाही हो, गुरुजी... मीच घासून घेतले. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.”

“घासले?”

“विटेनं.”



मोरोबा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

“गाढवा, जीव तसाही निघालाच होता माझा. तू मागून धक्का कशाला दिलास?”

त्र्यंबकरावांनी त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. मोरोबा त्यांच्या पागोट्यावरून हात फिरवत राहिले.

“चुकलं, गुरुजी. दगड इथंच बसवतो. त्यावर काय कोरू?”

मोरोबांनी माझ्याकडून पाण्याचा तांब्या घेतला. ट्रॉलीवरून वाकले. सगळं पाणी त्या चकचकीत रुळावर ओतलं.

त्र्यंबकरावांनी सवयीनं उपरणं काढलं.

“पुसू नकोस.”

त्यानंतर त्र्यंबकरावांनी दगडाचं नाव काढलं नाही. रोज पहाटे पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः फाट्यावर जायचे, रुळावर ओतायला. आम्ही कुणी बरोबर गेलो नाही.

पाचव्या दिवशी मोरोबा गेले. त्या सकाळी त्यांना धाप लागली होती, पण डोळे दाराकडं होते. त्र्यंबकराव आले ते पळतच. चिखलाच्या पायांनी खाटेशी बसले आणि आपला हात पुढं केला. बोटं गंजानं लाल झाली होती.

मोरोबांनी ती बोटं नीट निरखून बघितली. एकेक करून.

“बरं झालं,” म्हणाले. “आता निजतो.”