ट्यूबाच्या नावाचा अर्थ

फार मागे एका संस्थानाच्या बँडमध्ये ट्यूबा नावाचं मोठ्या पोटाचं पितळी वाद्य होतं. बाकीची वाद्यं त्याला 'तुंबा' म्हणून चिडवत. त्याचा वादक रावजी मात्र त्याला रोज मायेनं पुसून ठेवी.

एकदा म्हातारा बिगुल म्हणाला, "अरे, ट्यूबा हे रोमन फौजेच्या कर्ण्याचं नाव. नळीसारखा सरळ होता, म्हणून ते पडलं. तो वाजला की सैन्य चालून जाई."

"आणि मी लग्नात घुमतोय!" ट्यूबा फुगून म्हणाला.

"त्या कर्ण्यामागं गेलेले किती परतले, ते विचार की," बिगुल म्हणाला.

ट्यूबानं विचारलं नाही. तो वरातीतही असा गर्जू लागला की महाराज म्हणाले, "हे वाद्य लढाईत आघाडीला हवं!"

"महाराज, ते लग्नातच शोभतं," रावजी हात जोडून म्हणाला. पण हुकूम झाला होता.

लढाईत ट्यूबा जीव तोडून गर्जला. त्याच्या आवाजावर शिपाई धावून गेले आणि पडले. मग रावजीही पडला.

तरी लढाई जिंकली. विजयाच्या मिरवणुकीत नव्या वादकानं त्यात फुंक मारली. ट्यूबाला वाजायचं नव्हतं, पण वाजावं लागलं. रस्त्याकडेला रावजीची बायको दोन्ही कान घट्ट दाबून उभी होती.